दिव्यांची अवस आणि एकोणिसावा वाढदिवस

बडोद्यात शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाढदिवसाचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. रात्री बाराला खिडकीखाली हाका, जिन्यात कापलेला केक, सकाळी ज्याचा वाढदिवस त्याच्या खर्चाने सेवउसळ, दुपारी दुचाकींवरून कुठेतरी लांब आणि संध्याकाळी पुन्हा केक. माझा एकोणिसावा वाढदिवस 31 जुलै 2019 रोजी, बुधवारी, याच क्रमाने सुरू झाला होता. त्या दिवशी बडोद्यावर चोवीस तासांत सुमारे 500 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीस इंच पाऊस पडला. ती तारीख काढली की इथला प्रत्येक माणूस आपण तेव्हा कुठे अडकलो होतो ते सांगू लागतो, आणि प्रत्येकाची हकिगत ऐकण्यासारखी असते. मला मात्र त्या पाण्यापेक्षा माणसांबद्दल लिहायचे आहे. इतक्या हौसेने आखलेला माझा दिवस दुपारपासून एकेक करून दुसऱ्यांच्या हाती जात राहिला आणि तो जसजसा त्यांचा होत गेला तसतसा मला अधिक आपला वाटू लागला. हे कसे घडले, ते मांडून पाहावे असे कितीतरी दिवस मनात होते.

मी तेव्हा महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत दुसऱ्या वर्षाला होते. आमचा पाच जणांचा गट होता. एक मी, दुसरी दांडिया बाजारातल्या आमच्याच वाड्यात वरच्या मजल्यावर राहणारी बालमैत्रीण, जी वाणिज्य शिकत होती. तिसरी माझ्या वर्गातली गुजराती मुलगी, शहराच्या उत्तरेला समा भागात राहणारी. चौथा शिल्पकला शिकणारा केरळातल्या आलुव्याचा मुलगा आणि पाचवा सूरसागराकाठच्या संगीत महाविद्यालयात तबला शिकायला आलेला सांगलीकर. आमची भाषा मराठी, गुजराती आणि हिंदीची सरमिसळ होती, आणि आलुव्याचा मुलगा तिन्ही भाषा एकाच वाक्यात इतक्या सहज वापरायचा की त्याचे बोलणे आम्हा सगळ्यांना आपापल्या घरचे वाटायचे.

मूळ बेत पावागडचा होता. पावसाळ्यात तो डोंगर हिरवागार होतो, पायथ्याच्या चांपानेरची जामी मशीद ओल्या दगडात वेगळीच दिसते, आणि आमच्या गावातून वाहणारी विश्वामित्री त्याच डोंगरातून निघते. सकाळी निघताना पाऊस रिमझिमच होता. तरी आजीने ओट्यावर उभे राहून आभाळाकडे पाहिले आणि सांगितले, "दुपारी अवस लागतेय, आणि वारा बघ कुठून सुटलाय. गावाबाहेर जायचं नाही. गावात काय ते फिरा." आजीचे असे सांगणे आमच्या घरात कुणी मोडत नाही, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनीही ते कधी मोडले नव्हते. त्यामुळे पावागड राहिला आणि आम्ही सेवउसळ खायला गेलो.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सेवउसळीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, त्यावर मूठभर जाड शेव, चिरलेली कांद्याची पात, शेजारी पाव आणि वेगळ्या भांड्यात लालभडक तरी, जी ज्याने त्याने आपल्या जिवाच्या बेताने घ्यायची. मिसळीशी तिचे नाते उघड दिसते, पण मटकीऐवजी वाटाणा आला आणि फरसाणाऐवजी शेव आली की चव पार वेगळ्या गावाची होते. गायकवाडांबरोबर इथे आलेली आमच्यासारखी मराठी घराणी जशी पिढ्यान्‌पिढ्या राहून इथलीच झाली, तशीच ही उसळ झाली आहे, असे मला नेहमी वाटते. सांगलीकर मात्र दर खेपेला तरी चाखून मान हलवायचा आणि आमच्याकडची मिसळ एकदा खाऊन बघा म्हणायचा.

पावागडाऐवजी कुठे, यावर बराच खल झाला आणि शेवटी आम्ही कीर्तिमंदिरात गेलो. ही सूचना माझी होती. सयाजीराव महाराजांनी आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूत, विश्वामित्रीच्या पुलापासून जवळच, शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात टप्प्याटप्प्याने भित्तिचित्रे रंगवली. गंगावतरण, मीरेचे चरित्र, रवींद्रनाथ टागोरांचे नाटक 'नटीर पूजा' आणि महाभारतातले युद्ध असे त्यांचे चार विषय आहेत. आमच्या वर्गातल्या मुलांनी ती पाहिलेली असतात, पण अभ्यास म्हणून, वहीत टिपणे घेत, आणि गटात कुणीतरी घाई करत असते. त्या सकाळी आमच्याशिवाय तिथे फारसे कुणी नव्हते. गंगावतरणाच्या भिंतीसमोर आम्ही बराच वेळ बसलो. तबला शिकणाऱ्या मित्राने विचारले की एवढी गर्दी असूनही चित्र शांत का वाटते, आणि मी त्याला रेषेबद्दल सांगू लागले. नंदलालांची रेषा कुठे जाड होते, कुठे श्वास घेते, वस्त्राच्या एका चुणीतून ती डोळ्याला पुढच्या आकृतीकडे कशी नेते, हे मी भिंतीपासून हातभर अंतरावर बोट फिरवून दाखवत होते. आपण जे शिकतो ते आपल्या माणसांना दाखवता येणे, यापेक्षा मोठी वाढदिवसाची भेट त्या वयात मला दुसरी कुठली वाटली नसती. आजही वाटत नाही.

बाहेर आलो तेव्हा समोरचा रस्ता दिसेनासा झाला होता.

तो पाऊस सरींनी येत नव्हता. त्याला मध्ये खंड नव्हता आणि थेंब असे वेगळे काही उरले नव्हते. सांगलीकर आमच्याआधीच निघून गेला होता, कारण अलकापुरीतल्या दुकानातून केक आणण्याचे काम त्याच्याकडे होते. अलकापुरी रेल्वेच्या पलीकडे आहे, आणि तिथून गावात यायचा जवळचा रस्ता रुळांखालच्या गरनाळ्यातून जातो. थोडा पाऊस झाला तरी ते गरनाळे भरते, हे बडोद्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्याचा फोन आला, की गरनाळे तुडुंब आहे, केक हातात आहे, आणि तो स्टेशनच्या दादऱ्यावरून रूळ ओलांडून येण्याच्या बेतात आहे. आम्ही त्याला स्टेशनातच थांबायला सांगितले.

दुचाकी कीर्तिमंदिराजवळच्या एका उंच जागी लावून आम्ही चौघे चालत निघालो. कोठीवरून रावपुऱ्याला येईपर्यंत पाणी घोट्यांवरून गुडघ्यांपर्यंत चढले होते. आलुव्याचा मुलगा सगळ्यांत पुढे होता. मिटलेल्या छत्रीच्या टोकाने तो प्रत्येक पावलाआधी खालची जमीन चाचपत होता, आणि आम्हाला रस्त्याच्या कडेने नव्हे तर मधल्या दुभाजकाला धरून, एकमेकांचे मनगट पकडून चालायला लावत होता. बोटे सुटतात, मनगट सुटत नाही, असे त्याचे म्हणणे होते. आदल्या वर्षी, ऑगस्ट 2018 मध्ये, केरळात महापूर आला तेव्हा पेरियार नदीचे पाणी त्याच्या गावात शिरले होते. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. त्या दुपारी त्याने जे केले त्यातून आम्हाला ते सगळे एकदम कळले.

वाड्यात पोचल्यावर कपडे बदलायच्या आधी त्याने आईला तीन गोष्टी सांगितल्या: पिण्याचे पाणी मिळेल त्या भांड्यात आत्ताच भरून ठेवा, तळमजल्याचा विजेचा मुख्य खटका बंद करा, आणि कागदपत्रे, औषधे, तांदूळ वरच्या मजल्यावर न्या. आमचा वाडा जुना आहे आणि रस्त्यापासून पाच पायऱ्या उंच ओट्यावर उभा आहे. बांधणाऱ्यांनी त्या पायऱ्या कशासाठी ठेवल्या याचा मी त्या दिवसापर्यंत कधी विचार केला नव्हता. तासाभरात आजूबाजूच्या बैठ्या घरांतली माणसे आमच्या माडीवर आली, आणि त्यांचे सामान मांडताना माझ्या खोलीतली चित्रे, चौकटी, रंगांच्या बाटल्या सगळे एका कोपऱ्यात गेले. आईने मला विचारलेही नाही, आणि तिने विचारावे असे मलाही वाटले नाही.

चारच्या सुमारास बोळाच्या तोंडाशी शाळेची एक रिक्षा बंद पडली. आत लहान मुले होती, दप्तरे डोक्यावर धरून सीटवर उभी राहिलेली. रिक्षावाले चाचा कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहून रिक्षा ढकलत होते. आम्ही गेलो आणि एकेका मुलाला खांद्यावर घेऊन वाड्यात आणले. चाचांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी वही काढली, तिच्यात प्रत्येक मुलाच्या घरचा नंबर होता, आणि त्यांनी ओल्या अंगाने जिन्यात बसून एकेक फोन लावला. कुणाचे वडील पाण्यातून चालत यायला निघाले, कुणाचे घर पलीकडच्या तीरावर होते. आईने त्यांना कोरडे कपडे आणि चहा दिला आणि त्यांनी आपल्या घरी जाऊन यावे, मुले इथे सुखरूप आहेत, असे सुचवले. चाचांनी शांतपणे मान हलवली. "घरवालों के हाथ में दिए बिना मैं नहीं जाऊँगा, बहन." त्यांचे स्वतःचे घर याकुतपुऱ्यात होते. तिथे काय स्थिती आहे हे त्यांना रात्रीपर्यंत कळले नाही, आणि तरी ते त्या वहीतल्या नावांपुढे एकेक खूण करत तिथेच बसून राहिले. कर्तव्य या शब्दाबद्दल मी अनेक भाषणे ऐकली आहेत. तो शब्द कानावर पडला की माझ्या डोळ्यांसमोर ती वहीच येते.

संध्याकाळी वीज गेली आणि आजीने दिव्यांचे तबक बाहेर काढले.

आषाढातली अमावस्या ही आमच्याकडे दिव्यांची अवस. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा. माझा जन्म 31 जुलै 2000 च्या पहाटेचा, त्याच अमावस्येच्या तिथीवरचा. आजी माझा वाढदिवस नेहमी तिथीने धरते आणि बाकीचे सगळे तारखेने, म्हणून मला लहानपणापासून दोन वाढदिवस मिळत आले. चंद्राचे 235 महिने आणि सूर्याची 19 वर्षे जवळजवळ सारख्याच दिवसांची असतात, त्यामुळे दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा एकमेकींना भेटतात. 2019 हे माझ्या आयुष्यातले असे पहिलेच वर्ष होते, आणि आजी त्याची कितीतरी आधीपासून वाट पाहत होती. समई, निरांजने, लामणदिवा, देवघरातली नंदादीपाची वाटी, एक जुना कंदील, पणत्या, असे सगळे चिंचेने घासून तिने आदल्याच दिवशी तयार ठेवले होते. शेजारच्या सगळ्या घरांत मेणबत्त्यांची शोधाशोध चालू असताना आमच्या वाड्यात एकाच खोलीत एवढे दिवे होते की माडीवर, जिन्यात, मोरीपाशी, मुलांच्या खोलीत प्रत्येक ठिकाणी एकेक नेऊन ठेवता आला.

कणकेचे दिवे करायला आलुव्याचा मुलगा बसला. गुळाच्या पाण्यात, तुपाचे मोहन घालून कणीक घट्ट भिजवायची, लिंबाएवढा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने मधोमध दाबायचे, गोळा फिरवत फिरवत कड उभी करायची आणि एका बाजूला चिमटीने चोच काढायची, वातीसाठी. आजीने एक करून दाखवला. शिल्पकलेच्या त्या विद्यार्थ्याने तो हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि दुसरा असा केला की आजी म्हणाली, "हा मुलगा आपल्याकडचाच आहे." मग शाळेची मुलेही बसली. कुणाचा दिवा होडीसारखा झाला, कुणाचा बशीसारखा, एकाने तर चोचीऐवजी चक्क शेपटी काढली. आजीने एकही मोडला नाही. मोदकपात्रात सगळे एकदम उकडले, आणि झाकण उघडल्यावर गुळाचा तो ओलसर, गरम वास साऱ्या माडीवर पसरला. आईने मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकली होती, वरच्या मजल्यावरून कढी आली आणि मागच्या घरच्या काकींनी डब्यातले ठेपले आणले.

दिव्यांच्या अवसेला घरातल्या लहान मुलांना ओवाळायची आमच्याकडे रीत आहे. पाटाभोवती रांगोळी काढायला वेळ नव्हता. आजीने मला पाटावर बसवले, कुंकू लावले, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनाने ओवाळले. मग तिने मला उठवले आणि रिक्षातल्या मुलांना एकेक करून त्याच पाटावर बसवले. नाव, आडनाव, धर्म, जात, काहीही न विचारता तिने प्रत्येकाला ओवाळले आणि प्रत्येकाच्या हातावर तुपाने माखलेला, त्याचा त्यानेच केलेला दिवा ठेवला. घरी जायचे म्हणून मघापासून मुसमुसणारी एक मुलगी तो दिवा खाऊ की ठेवू या विचारात रडायचे विसरून गेली. माझ्या वाढदिवसाचा पाट माझ्यापाशी जेमतेम मिनिटभर राहिला असेल. नंतर तबक माझ्या हाती होते, वाती मी सारख्या करत होते, तूप मी वाढत होते, आणि इतके समाधान मला त्याआधीच्या कुठल्याच वाढदिवशी, उत्सवमूर्ती होऊन बसताना, लाभले नव्हते.

आठच्या पुढे सांगलीकराचा फोन लागला. गाड्या रद्द झाल्या होत्या, विमानतळ बंद होता, आणि स्टेशनात प्रवाशांची दाटी झाली होती. काला घोडा पुलाजवळ विश्वामित्री धोक्याच्या खुणेकडे, म्हणजे 26 फुटांकडे चढत होती, तेव्हा तो इकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने संकोचत विचारले, की फलाटावर त्याच्या शेजारी एक कुटुंब आहे, बरोबर लहान मुले आहेत, सकाळपासून नीट खाणे नाही, तर केक कापला तर चालेल का. मी हो म्हटले. त्याने फोन तसाच चालू ठेवला, आणि कुठल्या कुठल्या गावांना निघालेल्या, मला कधीही न पाहिलेल्या माणसांनी माझे नाव घेऊन गाणे म्हटले. गर्दीचा आवाज, पावसाचा आवाज आणि मध्येच आपले नाव, एवढेच मला ऐकू येत होते. फोनची बॅटरी जाईपर्यंत मी तो कानाला लावून उभी होते.

समाच्या मैत्रिणीबद्दल मी आतापर्यंत फार लिहिले नाही, कारण ती त्या संध्याकाळी फार बोललीच नाही. तिच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले होते आणि आईवडील शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले होते. तिच्या पप्पांचा एकच फोन लागला, "बेटा, तू त्यांज रहेजे," म्हणजे तू तिथेच राहा, आणि पुढे संपर्क तुटला. ती तबकातल्या वाती वळत राहिली. रात्री सगळे झोपल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. खालची तिसरी पायरी पाण्याखाली होती आणि चौथी दिसत होती. तिला धीर देणारे एकही वाक्य मला सुचले नाही, आणि मी ते शोधलेही नाही. रात्री उशिरा शेवटच्या मुलाचे वडील पोचले, चाचांनी वहीत अखेरची खूण केली आणि आमच्या ओसरीवरच सतरंजीवर आडवे झाले. पहाटे तिच्या पप्पांचा फोन लागला, सगळे सुखरूप होते, आणि मग मात्र ती ढसाढसा रडली.

आजव्याच्या धरणातले पाणी नदीत येत राहिल्यामुळे पाऊस थांबल्यावरही पूर लगेच ओसरला नाही. विश्वामित्रीत मगरी मोठ्या संख्येने आहेत, त्या पाण्याबरोबर वस्त्यांत आल्या, आणि वनखात्याच्या माणसांबरोबर शहरातले स्वयंसेवक त्यांना धरून पुन्हा नदीत सोडताना दिसत होते. समाला जाण्याजोगा रस्ता झाला तसे आम्ही पाचही जण तिच्या घरी गेलो. पुराचा गाळ साध्या चिखलासारखा धुऊन निघत नाही. तो फरशीवर साबणासारखा गुळगुळीत बसतो, वाळला की सिमेंटसारखा धरतो, आणि म्हणून ओला असतानाच खराट्याने आणि पत्र्याच्या तुकड्याने खरवडून बाहेर लोटावा लागतो. हेही आलुव्याच्या मुलानेच शिकवले. तिच्या आईने वरच्या मजल्यावर शिरा केला होता आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला, कारण वाढदिवसाला मी तिच्या हातचे काही खाल्ले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. आमचा मित्र मिळेल त्या गाडीने घरी निघाला तेव्हा आजीने त्याच्याबरोबर घासून लख्ख केलेला कंदील आणि वातींची पुडी दिली, आणि समाच्या पप्पांनी नवे, लांब दांड्याचे खराटे बांधून दिले. आम्हीही जमेल तसे पैसे आणि कपडे पाठवले. चाचांनी त्यात एक पाकीट घातले होते, ते किती रुपयांचे होते हे आम्ही उघडून पाहिले नाही.

तिथी आणि तारीख यानंतर 2038 साली पुन्हा एकत्र येणार आहेत. मी पंचांगाचा हिशेब करून पाहिला, 31 जुलै तेव्हा शनिवारी येते. आलुव्याच्या मुलाने कणकेचे दिवे आपल्याकडे लावून घेतले आहेत, केकची जबाबदारी सांगलीकराकडेच आहे, आणि गरनाळ्याचा रस्ता धरायचा नाही, हे त्याला आत्तापासून बजावून ठेवले आहे.